सततच्या दुखण्याने आईची स्मरणशक्ती कमी होते आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६१ वर्षांच्या, गुडघे आणि कंबर पाच वर्षांपासून दुखतात, आणि वर्षभरात विसरणं वाढलंय. दूध उतू जातं, नावं ओठांवर येऊन अडतात, पोथी वाचताना तीच ओळ पुन्हा वाचली जाते. हा दुखण्याचा परिणाम की डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात? आणि एखादं ब्रेन टॉनिक द्यावं का?

मी डॉक्टर नाही. नागपुरात गांधीबागेतल्या एका होलसेल कापड दुकानात हिशेब बघते, आणि कंबर माझीही बऱ्याच वर्षांची दुखरी आहे. ‘मणक्यात गॅप’ म्हणतात त्यातला प्रकार. त्यामुळे या विषयावर जे वाचलं ते गरजेपोटी. माझं मत आधीच सांगते: परिणाम होतो, नक्की होतो. पण बरेचदा आठवण पुसली जात नाही, ती मुळात आत शिरलेलीच नसते.

ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना ऑनलाइन भरायचा कागद) करताना मला हे रोज दिसतं. ट्रान्सपोर्टवाला गाडीचा नंबर सांगतो: एमएच ३१ की ४९, मग अक्षरं, मग चार आकडे. ज्या दिवशी कळ डाव्या पायात उतरलेली असते, त्या दिवशी बोटं कीबोर्डवर पोचेस्तोवर शेवटचे दोन आकडे गायब. शेजारचा पोरगा विचारतो, “ताई, कुठं हारपल्या?” तोच नंबर कळ ओसरल्यावर, पाठीला उशी लावून ऐकला की नीट लक्षात राहतो. आणि कोणत्या व्यापाऱ्याकडे किती बाकी आहे, हे मात्र कळ असो-नसो तोंडपाठ असतं. म्हणजे साठवलेलं शाबूत आहे. काही सेकंद डोक्यात धरून ठेवायची जी ताकद असते, ती दुखण्यात खर्ची पडते.

याचं कारण असं की वेदना हा शरीराचा धोक्याचा इशारा आहे आणि मेंदूला तो सहजासहजी बाजूला ठेवता येत नाही. दुखण्याचं मेंदूत एक ठरलेलं केंद्र नाही. थॅलॅमस या मेंदूतल्या निरोप वाटणाऱ्या भागातून निरोप पसरतो तो कपाळामागच्या भागापर्यंत, भीती जागवणाऱ्या अमिग्डालापर्यंत, नव्या आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसपर्यंत. लक्ष देणं, ठरवणं, लक्षात ठेवणं ही कामंही याच भागांकडे असतात. गल्ल्यावर एक गिऱ्हाईक सारखं ओरडत असताना बेरीज करायची, तसा हा प्रकार. त्यात तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं (डॉक्टर त्यालाच जुनाट म्हणतात) नसांची संवेदनशीलताच वाढवू शकतं. वेदनेवर संशोधन करणाऱ्या क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशी जास्त उत्तेजित होतात, आणि मग साधा स्पर्शही दुखू शकतो. म्हणून ‘एमआरआयमध्ये फारसं काही नाही’ याचा अर्थ ‘आई नाटक करतात’ असा होत नाही.

आता ती भीतिदायक बातमी, जी तुम्हीही वाचली असेल: पाठदुखीने मेंदू वीस वर्षं जास्त म्हातारा होतो. ती आली २००४ च्या एका अमेरिकन अभ्यासातून. जुनाट पाठदुखीच्या २६ रुग्णांच्या मेंदूतला करडा भाग (ग्रे मॅटर) निरोगी लोकांपेक्षा ५ ते ११ टक्के कमी दिसला, आणि संशोधकांनी त्याची तुलना १० ते २० वर्षांच्या वाढत्या वयाशी केली. बातमी तिथेच थांबते, हाच माझा राग. कारण २०११ मध्ये दुसऱ्या गटाने पाठदुखीवर उपचार झालेल्या लोकांचे सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन केले, तेव्हा कपाळामागचा पातळ झालेला एक भाग पुन्हा जाड झालेला दिसला. खुब्याचा सांधा बदलून दुखणं थांबलेल्या लोकांतही करड्या भागाची अशीच भरपाई दिसली आहे. म्हणजे यातला बराच बदल परत फिरू शकतो. वयस्कर लोकांत मात्र दुखणं टिकून राहणं आणि स्मरणशक्ती थोडी वेगाने उतरणं यांचा संबंध २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलाय, म्हणून ‘वय झालं, दुखणारच’ म्हणून सोडून देऊ नका.

पण मेंदूच्या आधी गोळ्यांची पिशवी उघडा. आमच्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेत, म्हणजे दवाखान्यांच्या भागात, हाडांचा डॉक्टर वेगळा, शुगरचा वेगळा, झोपेची गोळी तिसऱ्याची, आणि सगळ्या स्ट्रिप्स एका टेबलावर मांडून कोणी बघत नाही. प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन, ट्रॅमाडॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही दुखण्यावर नेहमी दिली जाणारी औषधं गुंगी आणू शकतात, डोकं जड करू शकतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने उतारवयात गोंधळ उडू शकतो. विसरणं सुरू झालं ते नवी गोळी लागल्यावर की डोस वाढल्यावर, हे तारखा लावून बघा. मात्र मनाने बंद करू नका, यातल्या काही गोळ्या एकदम सोडल्या की त्रास होतो. दुसरं, दुखण्याच्या गोळीबरोबर वर्षानुवर्षं घेतली जाणारी अ‍ॅसिडिटीची गोळी, आणि शुगर असेल तर मेटफॉर्मिन, दोन्हींनी बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी घरात ते आधीच बेताचं. बी-१२ आणि थायरॉईड कमी असले तरी विसरायला होतं, आणि दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात.

झोपेचंही विचारा. दिवसभरातलं पक्कं व्हायचं काम झोपेत होतं. कूस बदलताना चारदा जाग येत असेल तर ते अर्धवट राहतं, आणि दुसऱ्या दिवशी दुखणंही जास्त वाटतं. उदासी असेल तर तीही लपवू नका.

दुधाबद्दल मला वेगळंच वाटतं. गुडघे दुखतात म्हणून त्या गॅससमोर उभ्या राहत नसतील, हॉलमध्ये येऊन टेकत असतील. दूध डोळ्यांआड झालं की मग उतू जातं. ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवून बघा. आणि महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर त्या उठताना-बसताना सांगू नका, त्या क्षणी सगळं लक्ष गुडघ्यात असतं. नीट टेकल्या की सांगा. “सांगितलं होतं ना तुला?” हे वाक्य घरातून हद्दपार करा.

चालणं दोन्हींना चांगलं, दुखण्याला आणि डोक्यालाही. पण आपल्या मे महिन्यात सातनंतर ऊन चटके देतं, तेव्हा सहाच्या आत गल्लीतच चार फेऱ्या पुष्कळ.

यापलीकडचं दिसलं तर थांबू नका. तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, आयुष्यभर केलेली भाजी कशी करायची ते न सुचणं, पैशांचा हिशेब सुटणं, संशयी होणं, हे दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच. नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात न्यूरॉलॉजीचा विभाग आहे, मिहानमध्ये एम्स आहे. तिथे स्मरणशक्ती आणि लक्ष तपासणारी ३० गुणांची मोका (MoCA) चाचणी घेतली जाऊ शकते, ती मराठीतही आहे. दुखणं जोरात असलेल्या दिवशी गुण कमी येऊ शकतात, तेव्हा तपासणाऱ्याला ते आधी सांगा. गोंधळ एकाएकी, तासाभरात किंवा दिवसभरात आला, बोलणं अडखळलं, किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी.

राहता राहिलं टॉनिक. आधी बी-१२ आणि थायरॉईडचा रिपोर्ट येऊ द्या, गोळ्यांची यादी एका डॉक्टरकडून तपासून घ्या. ब्राह्मीची बाटली आणायचीच असेल तर तीही त्या यादीत लिहा.