दोराला लागलेली पिसं

प्रश्न : आमची होडी देवगडच्या खाडीच्या तोंडाशी नांगरून असते. दिवाळीनंतर नांगराचा दोर वर घेतला, तर त्याला काळपट तपकिरी पिसं लागलेली. बोटभर लांब, फांद्या दोन्ही बाजूंना. आम्ही त्याला शेवाळच म्हणतो. पण दोर ओढताना भावोजींच्या मनगटाला ती घासली आणि तिथं बारीक पुरळ उठलं, दोन दिवस खाज होती. फोटो पाठवतो आहे. ही कसली वनस्पती आणि तिचं शास्त्रीय नाव काय?
— एक वाचक, देवगड

उत्तर : शेवाळ कधी चावत नाही, त्यामुळे भावोजींच्या मनगटानं अर्धं उत्तर आधीच दिलंय. हा प्राणी आहे, म्हणजे प्राण्यांची चाळच म्हणा. शाळेत जलव्याल शिकलात ना, हायड्रा? त्याच्याच गोतावळ्यातले हे समुद्री हायड्रॉइड. प्रत्येक फांदीवर बारीक बारीक पॉलिप बसलेले असतात. प्रत्येकाला तोंड आहे, तोंडाभोवती शुंडकं आहेत, शुंडकांत दंशपेशी आहेत. सगळ्यांची पोटं मात्र एकाच नळीनं जोडलेली. बिऱ्हाडं शंभर, चूल एक. बाहेरची तपकिरी नळी कायटिनची, कुर्ल्यांच्या कवचात असतं तेच.

शेवाळ समजलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. अठराव्या शतकात लंडनचा जॉन एलिस नावाचा व्यापारी समुद्रातली अशी ‘झाडं’ वाळवून कागदावर चिकटवायचा आणि देखावे करायचा. मग भिंगाखाली नीट पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की यांतली बरीचशी जिवंत जनावरं आहेत. १७५५ मध्ये त्यानं त्यावर पुस्तकच लिहिलं.

आता नाव. तुमच्या फोटोत दोर छान आलाय, भावोजींचा अंगठाही छान आलाय. पीस मात्र पाण्याबाहेर काढल्यामुळे ओल्या मिशीसारखं चिकटून बसलंय. तरी फांद्यांच्या वरच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. ते पॉलिप असावेत. एवढ्यावरून माझा कयास ‘पेन्नारिया डिस्टिका’चा. उष्ण समुद्रांत ही सगळीकडे सापडते आणि दोर, धक्क्याचे खांब, होडीचं बूड या तिच्या आवडत्या जागा. पण हा कयास झाला, ओळख नव्हे. ओळख पटवायची तर माझ्यासाठी एक काम करा.

पुढच्या वेळी दोराचा तेवढा भाग पाण्यातच ठेवून, हातमोजा घालून, कोवळं टोक कापा आणि रुंद तोंडाच्या बरणीत समुद्राच्याच पाण्यात ठेवा. बरणी उन्हात नको. घरी आलात की पांढऱ्या बशीत तेच पाणी ओतून पीस त्यात सोडा आणि पंधरा मिनिटं बशीला धक्का लावू नका. मिटलेले पॉलिप हळूहळू उघडतील. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि एवढंच बघा : पॉलिपला स्वतःचा पेला आहे का? सुईनं डिवचल्यावर तो आत लपतो, की नुसताच आखडून उघड्यावर बसतो?

हायड्रॉइडांची पहिली मोठी वाटणी याच गोष्टीवर होते. पेला असलेले ते लेप्टोथेकाटा, नसलेले ते अँथोअथेकाटा. पेन्नारियाला पेला नसतो. तिच्या पॉलिपचं डोकं पाहिलंत तर तळाशी लांब, सुतासारख्या शुंडकांचं कडं दिसेल आणि वर तोंडापाशी आखूड शुंडकं, प्रत्येकाच्या टोकाला आगकाडीच्या गुलासारखी गाठ. हे दोन्ही एकत्र दिसलं की मला बिनधास्त कळवा.

पेले दिसले आणि ते फांदीच्या एकाच बाजूला ओळीनं बसलेले असले, तर मात्र हात आवरा. ती ‘मॅक्रोरिंकिया फिलिपिना’ असू शकते. पांढुरकं, देखणं पीस, काळसर दांडा. लागताक्षणी आग होते. कोणत्याही हायड्रॉइडचा दंश झाला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा. चोळू नका आणि लगेच गोडं पाणी ओतू नका, न फुटलेल्या दंशपेशीही फुटतात. सूज चढत गेली किंवा दम लागला तर सरळ डॉक्टर गाठा.

बरणीत स्पिरिट किंवा फॉर्मॅलिन ओतायची घाई नको, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. १९८४ मध्ये, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून असलीच पिसं खरवडून आणली आणि थेट फॉर्मॅलिनमध्ये बुडवली. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या आवळलेल्या मुठी. शुंडकं मोजायची कशी? अख्ख्या वर्गासमोर मी ‘बघा, बघा’ म्हणत होते आणि बघण्यासारखं काही नव्हतं. आधी पाण्यावर मेंथॉलचे चार खडे टाकून जनावर गुंगवायचं, शुंडकाला सुई लावली तरी ते हललं नाही म्हणजे मग फॉर्मॅलिन. हे मला आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी शिकवलं.

जुनी पुस्तकं चाळाल तर आणखी एक घोळ समोर येईल. हीच पेन्नारिया कुठे ‘हॅलोकॉर्डिली डिस्टिका’ म्हणून भेटेल, कुठे ‘पेन्नारिया कॅव्होलिनी’ म्हणून. तीन जनावरं नव्हेत, एकच. गोल्डफुस यानं १८२० मध्ये दिलेलं नाव सगळ्यांत जुनं, म्हणून तेच चालतं. ओबेलिया या पेले असलेल्या दुसऱ्या हायड्रॉइडचं तर विचारूच नका. पाण्याचा प्रवाह, खोली, ती वाढली कशावर, यांप्रमाणे तिची ठेवण बदलते. जो तो नवी जात म्हणून नाव देत सुटला. १९७५ मध्ये कॉर्नेलियस यांनी ढिगानं नावं रद्द करून मोजक्याच जाती ठेवल्या. त्यांत ‘बायडेंटाटा’च्या पेल्याची कड करवतीसारखी, दुहेरी दातांची, तर ‘जेनिक्युलाटा’चा दांडा नागमोडी आणि प्रत्येक वळणाशी एका बाजूनं जाड. ओबेलियापासून सुटलेली बारीक छत्रीसारखी मेडुसा, म्हणजे तिचं सुटं पोहणारं रूप, तुमच्या बशीत पोहताना दिसली, तर तिच्यावरून जात ओळखायला जाऊ नका. त्या सगळ्या सारख्याच दिसतात. मी दोन पावसाळे त्यात घालवलेत.

प्रश्न : पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळ्या बटणांसारखी चकती सापडते, कडेला निळे धागे. ही जेलीफिश का? आणि ब्लूबॉटल तीच का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : दोन्ही नाही. चकती म्हणजे ‘पॉर्पिटा पॉर्पिटा’. वरच्या उत्तरातल्या पेन्नारियासारखीच पेला नसलेल्या हायड्रॉइडांची वसाहत, फक्त दोराला न चिकटता तरंगणारी. उपडी करून भिंग लावा : मधोमध एक मोठा पॉलिप, त्याला तोंड, भोवती बाकीचे. चकतीत हवेची वर्तुळाकार दालनं असतात, त्यांवर ती तरंगते आणि नैऋत्येचा वारा तिला तुमच्या पायाशी आणून टाकतो. हिचा दंश सौम्य असतो, पण संवेदनशील त्वचा असेल तर खाज येते.

ब्लूबॉटल म्हणजे फायसालिया. तीही हायड्रोझोआच, म्हणजे हायड्राच्याच वर्गातली, पण गट वेगळा, सायफोनोफोर नावाचा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर किती जणांना तिनं हिसका दाखवला ते तुम्ही वाचलं असेलच. फुग्याच्या आकाराची, लांब दोऱ्या असलेली दिसली तर मेलेलीलाही हात लावू नका.

पॉर्पिटा संग्रहाला ठेवायची असेल तर ओली असतानाच फोटो काढून घ्या. वाळली की निळाई जाते आणि बोटानं मोडेल अशी पांढरी चकती तेवढी उरते.