दशांशासाठी कर्ज काढलं, आता प्रार्थनाच होत नाही

मावशी, सलाम. आम्ही अक्कलकोट रोडला राहतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. दिवाळीपासून आठवड्याला तीन-चार दिवसच काम मिळतं. सासूबाईंना शुगर आहे, पायाची जखम भरत नाही. लग्न झाल्यापासून दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायचा, कधी चुकवला नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाच्या सणाला नावं आणि रकमा वाचून दाखवतात. आपली रक्कम कमी ऐकू यायला नको म्हणून मी बचत गटातून पाच हजार उचलून दिले. मिस्टरांना माहीत नाही. इतकं देऊनही देवानं हे दिवस का दाखवले, असं मनात येतं आणि आभार मानायला जीभ वळत नाही. मी अविश्वासू झाले का?
— एक बहीण, सोलापूर

प्रिय बहिणी,

नाही, झाली नाहीस. पण देवाला द्यायचं म्हणून पुन्हा कर्ज काढू नकोस. आणि आजच रात्री मिस्टरांना सांग. रागावतील, पण हप्ता दोघांनी मिळून फेडायचा आहे.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 14 वा अध्याय काढ. शेतात जे पिकेल त्याचा दहावा भाग वेगळा काढायला तिथं सांगितलंय. जे पिकलंच नाही त्याचा दशांश कुणी मागितलेला नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी, दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातल्या लेव्यांनी (देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशातल्या लोकांनी), उपऱ्यांनी, अनाथांनी आणि विधवांनी पोटभर खावा म्हणून ठेवायचा आहे. देवाच्या नावानं काढलेला वाटा असा भुकेल्या माणसांकडे जात होता.

आता मरियेकडे बघ. बाळंतपणानंतर बाईनं मंदिरात कोकरू न्यावं, ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील, असं लेवीय या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात आहे. बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ यरुशलेमेला गेले तेव्हा शुभवर्तमान लिहिणारा लूक पाखरांच्याच अर्पणाबद्दल लिहितो, कोकराचा उल्लेख करत नाही. गरिबाची ही सोय देवानंच लिहून ठेवलीय आणि प्रभूच्या आईवडिलांनी ती घेतली. मग तुला लाज कसली?

मंदिराच्या दानपेटीत जवळच्या दोनच टोल्या, म्हणजे अगदी बारकी नाणी, टाकणाऱ्या विधवेचा दाखला कुणीतरी तुला देईलच. मला ती बाई फार मोठी वाटते. पण तिनं टाकलं ते स्वतःचं होतं, उसनं नव्हतं. आणि मार्कनं ही गोष्ट सांगायच्या जरा आधी प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना खडसावतो, तेही वाच. मार्क 7 मध्ये तर आईबापांच्या वाट्याचं ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहून मोकळं होणाऱ्यांनाच तो दोष देतो. सासूबाईंची ड्रेसिंग, गोळ्या, डॉक्टरकडच्या फेऱ्या यांच्यावर जाणारा पैसा देवाच्या हिशेबाबाहेर आहे असं मानू नकोस. जखम भरत नसेल तर सिव्हिलला दाखवायला अजिबात उशीर करू नका. शुगरच्या माणसाचा पाय वाट बघत नाही.

प्रार्थनेबद्दल. दशांश भरला की संकट येणार नाही, असा करार आपण मनातल्या मनात करून बसतो, आणि संकट आलं की फसवल्यासारखं वाटतं. देवाला तेच बोलून दाखव. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या शेवटच्या अध्यायात अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत. हे सगळं एकेक करून सांगितल्यावरच तो देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. तूही बुडालेल्या शिफ्टा सांग, पाच हजार सांग, मंडळीत वाटलेली लाज सांग. रडू आलं तर येऊ दे. आभाराचे शब्द त्या दिवशी आले नाहीत तर ओढून आणू नकोस.

पुढच्या सणाला मालदांडी ज्वारीची एक पायली ने, जमली नाही तर घरी कुटलेली शेंगाचटणी ने. सणाला आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यात तिला काय भाव येतो ते बघू नकोस.

राहिला प्रश्न रकमा वाचण्याचा. ही चाल मला मुळीच पटत नाही. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, असं प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय. हिशेब चोख हवा, म्हणून प्रत्येकाला पावती मिळावी आणि मंडळीत फक्त एकूण जमा सांगावी. महिला मंडळातल्या दोघी-तिघींना विचार, यादी ऐकताना त्यांनाही पोटात गोळा येत असेल. त्यांना बरोबर घेऊन पाळकांना भेट आणि पुढच्या सणाच्या आत हे मागून घे.

तुझी,
मावशी