वाचकांचे प्रश्न : खंडपीठात मतभेद झाला तर?

प्रश्न : कायदा एकच, मग उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे निकाल उलटे कसे? ज्याची त्याची विचारसरणी, एवढंच का?

उत्तर : विचारसरणी असतेच, पण ती एकटी निकाल लावत नाही. सरकारी फॅक्ट-चेक युनिटचं प्रकरण बघा. केंद्र सरकारबद्दलची ऑनलाइन माहिती खोटी आहे का, हे ठरवणारं युनिट सरकारलाच नेमू देणारा तो नियम होता. ३१ जानेवारी २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठात न्या. गौतम पटेल यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध मानला. सरकारनेच स्वतःबद्दलची माहिती खरी की खोटी हे ठरवावं का, हा पटेलांचा प्रश्न. केवळ गैरवापराच्या शक्यतेवर नियम रद्द करता येतो का, हा गोखलेंचा. इथे दृष्टिकोन दिसतो.

पुढचा भाग संस्थेचा. मतभेद झाला की प्रकरण कोणत्या तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जाईल, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. त्यांनी फक्त मतभेदाचे मुद्दे ऐकायचे, मग बहुमत. न्या. अतुल चांदुरकरांनी २० सप्टेंबरला पटेलांशी सहमती दर्शवली आणि नियम रद्द झाला.

म्हणून कोणतं प्रकरण कोणापुढे जाईल हे ठरवणारा रोस्टर मला फार महत्त्वाचा वाटतो. तोही मुख्य न्यायमूर्तींच्याच हाती असतो. निकालपत्र वाचताना आधी पीठ बघा, मग न्यायमूर्तींनी स्वतःसाठी मांडलेला प्रश्न.