रात्री पाजणं तेवढं तुझं, बाकीचं घरातल्यांचं

बाळा,

तुझा मेसेज सकाळी बघितला, टाकलायस मात्र रात्री अडीच वाजता, म्हणजे बाळ अंगावर आणि एका हातात मोबाईल, होय की नाही? "आक्का, हा रात्रभर सोडतच नाही, माझं दूध पुरत नाही काय?" एवढंच लिहिलंयस. फोन केला असता पण तुझ्याशी दोन शब्द बोलायच्या आत तुझी आई फोन ओढून घेणार आणि मग आमच्याच गप्पा सुरू होणार, म्हणून लिहूनच पाठवते. पाजताना वाचलीस तरी चालेल, फक्त त्या मोबाईलचा ब्राईटनेस कमी कर.

आधी दुधाचं सांगून सोडते, म्हणजे डोक्यातनं ते जाईल. दूध पुरतंय की नाही हे बाळाच्या रडण्यावरनं ठरत नाही गे, आणि छाती मऊ पडली त्यावरनं तर अजिबात नाही. लंगोट मोज. दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले होत असतील, लघवी फिकी असेल, आणि वजन वाढत असेल तर पुरतंय. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनाला परत येतं आणि मग रोज अंदाजे वीस ते तीस ग्रॅम वाढत जातं. तुमची आशाताई घरी येत असणारच, दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिनं यायचं असतं. ती आली की चहा पाजून नुसतं पाठवू नका, वजन करायला लाव आणि तायी कार्डावर, म्हणजे दवाखान्यातनं मिळालेल्या आई-बाळाच्या कार्डावर, लिहून घे. ती कानडीत बोलते म्हणून तू गप्प बसतीस हे मला ठाऊक आहे, मोडकंतोडकं बोल, तिला मराठी कळतंय, आपल्या बेळगाव भागात कळतंयच.

आता रात्रीचंच का. दिवसा देवासारखं झोपतंय आणि नऊ वाजले की सुरू, असं तुझी आई म्हणत असेल. तिला सांग की एवढ्याशा बाळाला दिवस-रात्र असं काही कळतच नाही, ते कळायला दोन-तीन महिने जातात. त्यात संध्याकाळी सात-आठ ते अकरा-बारापर्यंत बरीच बाळं सारखी सारखी पितात, पाच मिनिटं सोडलं की परत तोंड वासतात, ते उपाशी ठेवल्याचं लक्षण नव्हे. आणि तीन आठवड्यांच्या आसपास, परत सहा आठवड्यांच्या आसपास, अशी दोन-तीन दिवसांची भूक बऱ्याच बाळांना सुटते. तुझं आता तीन आठवड्यांचंच आहे बघ. दुसरं म्हणजे दूध तयार करणारं जे हार्मोन आहे, प्रोलॅक्टिन, ते रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं उद्याचं दूध ठरवतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं हे नॉर्मल आहे, त्यातले तीन-चार वेळा रात्री येणारच. हे बंद कसं करायचं असं विचारायलीस तर माझ्याकडं त्याचं औषध नाही, आणि कोण देत असेल तर घेऊ नकोस.

पण एक आहे. रात्र तुझ्या एकटीवर पडलीय, ते मात्र बदलता येतंय आणि ते बदलायलाच पाहिजे.

आपल्याकडं बाळंतपणाला माहेरी आणतात, आई न्हाऊ घालते, शेक देते, लाडू करते, दिवसभर कसं सगळं झ्याक असतं. आणि रात्री? रात्री बाळंतीण आणि बाळ खोलीत, दार लोटलेलं, आई एकदा येऊन "अजून झोपलं नाही व्हय?" म्हणून जाते आणि तेवढ्यानं तुझ्या डोळ्यात पाणी. आईची चूक नाही, ती दिवसभर राबलेली असते. पण वाटणी उलटी झालीय. दिवसा तुला पाटावरनं उठू देत नाहीत आणि रात्री लंगोट बदलायलाही तूच. माझं म्हणणं एवढंच, रात्री अंगावर घेणं फक्त तुझं काम, कारण ते दुसऱ्या कुणाला जमणारच नाही. बाकी उचलणं, लंगोट बदलणं, ढेकर काढणं, थोपटून झोपवणं, ओलं दुपटं टाकणं, तुझा पाण्याचा तांब्या भरणं, हे सगळं दुसऱ्याचं. आजपासनं घरात हे बोलून टाक. लाजायचं काय त्यात?

कसं करायचं सांगते. संध्याकाळी बाळ बघायला येणारी माणसं सातनंतर नकोत, आईलाच सांग नको म्हणायला, ती सांगेल बरोबर, कुंद्याची मिठाई घेऊन येणाऱ्या मावशीलासुद्धा. साडेआठ-नऊला बाळाला पोटभर पाज आणि लगेच आडवी हो, तोंडबिंड धुवायच्या नादाला लागू नकोस. बाळ आईकडं. ते झोपलं तर उत्तम, नाही झोपलं तर ती मांडीवर घेऊन बसेल, टीव्ही बघेल, पण भूक लागेपर्यंत तुला उठवायचं नाही. दुसऱ्या खोलीत झोप हवं तर, नाहीतर प्रत्येक हुंकाराला तू उठून बसणार. हे दोन-अडीच तास सलग मिळाले की पुढची रात्र अंगावर येत नाही, तुकड्यातुकड्यानं चार तास झोपण्यापेक्षा सलग अडीच तास बरे. आणि आई रात्री मदतीला असेल तर दुपारी तिला झोपू दे, तिचं वय झालंय.

झोपून पाजायला शिक, हे सगळ्यात महत्त्वाचं. तू अजून प्रत्येक वेळी उठून मांडी घालून पाजायलीस असं वाटतंय मला, टाके दुखत असतील तर ते आणखी वाईट. कुशीवर हो, पाठीला लोड लाव, गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, तुझी मान उशीवर पण बाळाजवळ उशी नको. बाळालाही कुशीवर कर, त्याचं पोट तुझ्या पोटाला लागलं पाहिजे, त्याचं नाक निपलच्या समोर, म्हणजे ते मान थोडी मागं टाकून मोठं तोंड उघडतं. उघडलं की त्याला पाठीनं जवळ ओढ, डोकं दाबू नकोस. नुसतं निपल तोंडात गेलं तर चावल्यासारखं दुखणार आणि भेगा पडणार. आजूबाजूचा काळा भागसुद्धा आत जायला पाहिजे, खालचा जास्त, हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला. सुरुवातीचे काही सेकंद टोचल्यासारखं होतंय, पण पूर्ण वेळ दुखत असेल तर पकड चुकलीय, करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातनं घालून सोडव आणि परत लाव. रात्री झोपेत हे कंटाळवाणं वाटतंय पण चार वेळा परत लावलेलं बरं, आठवडाभर भेगा घेऊन रडण्यापेक्षा. भेगा असतील तर शेवटचं थोडं दूध लावून हवेवर वाळू दे. पिऊन झोपलंच तर मुद्दाम उठवून ढेकर काढायचा हट्ट नको, हातपाय ओढत कुरकुरलं तरच उभं धर.

झोपून पाजताना तुला डुलकी लागणार, ते गृहीत धर. म्हणून जागा आधी नीट कर. खाली जमिनीवर घट्ट गादी, वर ताणून घातलेली चादर, बाळाच्या अंगावर गोधडी नाही, डोक्याशी उशी नाही, भिंत आणि गादीमध्ये फट नाही. पिऊन झालं की बाळाला पाठीवर झोपव. आपल्याकडं पावसाळ्यात गारठा असतोय, खानापूर बाजूला तर विचारूच नकोस, मग बाळावर चार दुपटी, कुंची, वर कांबळं असं थर चढवतात. एक थर तुझ्यापेक्षा जास्त, बास, मानेमागं हात लावून घाम येतोय का बघायचं. आणि खुर्चीत किंवा सोफ्यावर बसून पाजताना डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं, तिथं पेंग यायला लागली की सरळ खाली गादीवर ये. घरात कोण पिऊन आलेला असेल किंवा विडी-सिगरेट ओढणारा असेल तर तो त्या गादीवर नको, मग तो बाळाचा बाप असूदे नाहीतर आजा.

ती कोळशाची शेगडी सुद्धा. शेकायला, धुरी द्यायला दिवसा दार-खिडकी उघडी ठेवून काय ते करा, पण बंद खोलीत रात्रभर शेगडी ठेवायची नाही. त्यातनं कार्बन मोनॉक्साईड निघतंय, वास येत नाही, कळत नाही. आईला वाईट वाटलं तरी बाहेर ठेवायला लाव.

लाईट. मोठी ट्यूब लावू नकोस, एक झिरोचा बल्ब पुरे. करंट गेलं तर चाचपडायला नको म्हणून एक छोटी बॅटरी उशाला. रात्री बाळाशी बोलायचं नाही, खेळवायचं नाही, पाजलं की गप्प. दिवसा मात्र खिडकी उघडी, भांड्यांचा आवाज, घरातला गोंगाट, सगळं चालू दे. त्यानंच हळूहळू रात्र रात्रीसारखी होते. मोबाईल मी सोड म्हणणार नाही, त्या तीन वाजताच्या एकांतात तेवढीच सोबत असते, पण बाळ किती वाजता उठलं, किती मिनिटं प्यालं हे ॲपमध्ये लिहीत बसणं बंद कर. त्या आकड्यांनीच तुला भ्यायला घातलंय.

पाणी कमी पी, पोट सुटतंय, असं कोण सांगत असेल तर ऐकू नकोस. तहान लागेल तेवढं प्यायचं, पाजायला घेतलं की घसा कोरडा पडतोच. उशाला तांब्या आणि डब्यात दोन डिंकाचे लाडू, नाहीतर शेंगदाण्याची चिक्की, काहीही. मध्यरात्री भूक लागणं हे नाटक नव्हे. आळीव, मेथी, लसूण आवडत असेल तर खा, पण त्यानं दूध ओतायला लागेल असं समजू नकोस, दूध येतं ते बाळानं ओढल्यानं. अंगणवाडीत सरकारच्या मातृपूर्ण योजनेचं गरम जेवण तुझ्या हक्काचं आहे, ते घ्यायला कमीपणा मानू नकोस. आयर्नच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने रोज घ्यायच्या, कॅल्शियमसुद्धा, फक्त दोन्ही एकाच वेळी नको. रात्री हातपाय गळाल्यासारखे होतात ते नेहमी जागरणानंच असतं असं नाही, रक्त कमी असतं.

आता शेजारच्या काकूंचं. "रात्री एक बाटली पावडरचं दूध द्या, सकाळपर्यंत उठत नाही." ऐकायला गोड लागतंय. पण छातीत दूध साचून राहिलं की शरीराला कळतं की एवढं नको, आणि ते कमी करायला लागतं, म्हणजे आज झोपायला दिलेली बाटली पुढं खरीच लागायला लागते. वजन वाढत नसेल आणि डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा निमूट द्यायचं आणि मनाला लावून घ्यायचं नाही. बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं दे, बाटली नको. तुझंच काढून ठेवलेलं दूध असेल तर गार हवेत बाहेर चार तास चालतं, उकाड्यात तेवढंही नको. मध, वेखंडाची घुटी, ग्राईप वॉटर, साखरपाणी, यातलं काही म्हणजे काही नाही, सहा महिने साधं पाणीसुद्धा नाही.

रात्री अचानक छाती दगडासारखी झाली, एका जागी लाल, ताप, अंग ठणकतंय, तर त्या बाजूनं पाजणं थांबवू नकोस, गार पाण्याची पट्टी ठेव आणि सकाळी डॉक्टरकडं जा. बाळ पाजायलाही उठत नाही, मलूल पडलंय, लंगोट कोरडे, डोळे-पाय पिवळे, अंग तापलंय किंवा गार पडलंय, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

आणि तुझं. पहिले दोन आठवडे उगीच रडू येणं बऱ्याच बायकांना होतं, आपोआप जातं. तुझे दोन आठवडे होऊन गेले. अजूनही रोज रडू येत असेल, बाळ झोपलेलं असूनही तुला झोप लागत नसेल, बाळाकडं बघून काहीच वाटत नसेल, किंवा मनात भलतेसलते विचार येत असतील, तर मला तसंच्या तसं सांग, आडपडदा नको. मी तुझ्याबरोबर डॉक्टरकडं येते. आणि रात्री कुणालाच उठवावंसं वाटत नसेल तर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा, नंबर आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं तर मात्र नुसता फोन पुरे नाही, त्याच मिनिटाला आईला उठव, बाळ तिच्या हातात दे. हे आजारपण आहे, औषधानं बरं होतंय, बरीच औषधं पाजता पाजता घेता येतात.

नवऱ्याचं राहिलं. तो उद्यमबागच्या कारखान्यांकडं सेकंड शिफ्ट करून येतो आणि रविवारी बाळ बघून जातो, पाहुण्यासारखा. तसं नको. सेकंड शिफ्टचा माणूस घरी येतो अकरा-साडेअकराला, त्याला नाहीतरी लगेच झोप लागत नाही, तीच वेळ त्याची. सासरी गेलीस की बाराच्या पाजण्याला बाळ उचलून देणं, नंतर खांद्यावर घेणं, लंगोट बदलणं, हे त्याचं. त्याची आई म्हणेल की तो दमून येतोय. तू दिवसभर काय करतीस ते मोजून दाखवायच्या भांडणात पडू नकोस, त्यालाच आईशी बोलायला लाव. आत्तापासनं हात बसला तर सासरी जमेल, नाहीतर तिथं पहिल्याच रात्री तो कूस बदलून झोपणार. या वेळी रविवारी नको, शनिवारी रात्रीच येऊन राहूदे तुमच्याकडं, आणि हे पत्र त्याला वाचायला दे. मराठी वाचायचा कंटाळा करत असला तर वाचून दाखव. बुधवारी आशाताई आली की वजन किती आलं ते मला टाक.

तुझी,
आक्का