जुनी पद्मिनी घाटात ओढत नाही, नवा कार्बुरेटर घ्यावा का?

आपण लिहिले आहे की 1980 च्या प्रीमियर पद्मिनीचा कार्बुरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) तीनदा साफ करूनही गाडी घाटात ओढत नाही, इंजिन तापते, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात आणि गॅरेजवाले आता नवा कार्बुरेटर घ्या म्हणत आहेत. घेऊ नका. इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासल्याशिवाय कार्बुरेटरच्या स्क्रूला हात लावणे हीच मुळात चूक आहे, आणि ती आमच्या घरात घडलेली असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

1991 च्या मे महिन्यात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पद्मिनी घेऊन आम्ही पुण्याहून वाईला निघालो होतो. त्याआधी महिनाभर गाडी अशीच मंदावली होती. गॅरेजमध्ये प्रथम मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची तोटी) बसवला, त्याने पेट्रोल वाढले आणि प्लग काजळले. मग थोरल्या भावाच्या, दादांच्या, आग्रहावरून अण्णांनी नवा कोरा सोलेक्स कार्बुरेटर विकत घेतला. तो बसवून जेमतेम दोन दिवस झाले होते. खंबाटकीच्या निम्म्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्येही दम टाकू लागली, तापमानाचा काटा वर चढला आणि आम्हांला कडेला थांबावे लागले. आई उन्हात दगडावर बसली होती आणि दादा नव्या कार्बुरेटरचाच स्क्रू पिळत होते. मी डिस्ट्रिब्यूटरचे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याचे, झाकण काढले. पॉइंटचा, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांच्या जोडीचा, जो फायबरचा पाय फिरत्या कॅमवर घासतो, तो झिजून गेला होता, 0.4 ते 0.5 मिलिमीटर हवी ती फट पूर्ण उघडल्यावरही डोळ्यांना जेमतेम दिसत होती. फट मोजायचा फिलर गेज जवळ नव्हता, म्हणून काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा एक पदर मध्ये धरून फट लावली आणि स्क्रू आवळला. इंजिन थोडे निवल्यावर तीच गाडी, चार माणसे आणि सामान घेऊन, उरलेला घाट कुरकुर न करता चढली.

याचे कारण समजून घ्या. पाय झिजला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत मिश्रण जळतच राहते, आणि जी ताकद पिस्टनला मिळायची ती रेडिएटरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये जाते. गाडी ओढत नाही म्हणजे पेट्रोल कमी पडते, असा अर्थ लावणारा माणूस जेट बदलत बसतो.

म्हणून आधी फट लावा, मगच टायमिंग, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते. पॉइंटच्या एका तोंडावर उंचवटा आणि दुसऱ्यावर खड्डा दिसला तर पॉइंटबरोबर त्यांची झीज रोखणारा कंडेन्सरही बदला. नंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हाताने पुढे ढकलत, पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर, पुलीची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर आणा. डिस्ट्रिब्यूटरच्या बारीक वायरीवर आणि अर्थवर 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प जोडून चावी ऑन करा. डिस्ट्रिब्यूटरची बॉडी आधी आतल्या फिरत्या रोटरच्या दिशेने फिरवून दिवा विझवा, मग उलट दिशेने अगदी सावकाश आणा. दिवा लागतो त्या क्षणी थांबा आणि नट आवळा. इंजिनाचा आवाज ऐकून टायमिंग लावतो, असे आमचे दादा आजही सांगतात. उभ्या गाडीत ज्या जागी इंजिन सर्वांत जलद फिरते ती जागा बहुधा गरजेपेक्षा पुढची, म्हणजे ठिणगी लवकर पाडणारी, असते, आणि चढावर तेच इंजिन नॉकिंग करते, म्हणजे आतून टकटक वाजते.

कार्बुरेटर त्यानंतर. इंजिन गरम असताना मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, दीड फेरा बाहेर काढा आणि तिथून थोडे इकडेतिकडे करत आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे फिरणे) सर्वांत स्थिर होईल तिथे सोडा. स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल तर आयडलिंगचा स्लो जेट चोंदला आहे, किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे.

तरीही काही गोष्टी सांगायला हव्यात. थ्रॉटलच्या झडपेचा दांडा (स्पिंडल) हाताने खुळखुळत असेल तर कार्बुरेटर खरोखरच गेला असू शकतो. डिस्ट्रिब्यूटरवरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा फाटला असेल किंवा वेगाबरोबर ठिणगी पुढे आणणारी आतली वजने गंजून अडकली असतील, तर नुसत्या दिव्याने लावलेले टायमिंग वेगात उपयोगी पडणार नाही. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या जेटचे मिश्रण थोडे पातळ, म्हणजे पेट्रोल कमी पडणारे, होते, त्यामुळे प्लग पांढरे पडत असतील तर जेट किंचित मोठा करणे योग्यच ठरेल. आणि दादांच्या कानाचेही एक मान्य करतो: दिव्यावर लावल्यानंतर टॉप गिअरमध्ये चढावर गाडी दाबून पाहावी, आणि नॉकिंग सतत ऐकू आले तर टायमिंग केसभर मागे, म्हणजे उशिरा, घ्यावे. टेस्ट लॅम्पच्या आधी कान नको, एवढेच माझे म्हणणे.

नवा कार्बुरेटर बसायला वेळ लागला, म्हणून गाडी घाटात सुधारली, असे दादांचे म्हणणे आहे. वाईहून परतल्यावर मी मूळचा जेट घालून जुना कार्बुरेटर पुन्हा चढवला आणि फट-टायमिंगला हात न लावता अण्णांना कात्रजच्या घाटात नेऊन आणले. गाडी तशीच ओढत होती. पुढे ती विकेपर्यंत तोच कार्बुरेटर तिच्यावर होता, तेव्हा आपला जुनाही मोडीत देऊ नका.