ख्रिश्चन लोक एदेन बागेकडे कसं बघतात? ती खरी जागा होती की प्रतीक?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "आदामाला बागेत सगळं आयतं मिळत होतं, पाप केलं म्हणून शिक्षा म्हणून राबावं लागलं, एवढाच अर्थ ना?" नाही, एवढाच नाही. नेमकं हेच मी आमच्या घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

मी वसईची, कॅथॉलिक. आमची वाडी होती. राजेळी केळी, कडेनं अबोली आणि मोगरा, एका कोपऱ्यात बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. बाबा पहाटे उठून फुलं खुडायचे, ती लोकलनं दादरला जायची. केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग जन्मात जात नाही, त्यामुळे बाबांचे वाडीतले सदरे वेगळे ठेवलेले असत. हातांना मात्र वेगळे हात नव्हते.

बाबांच्या गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली त्या वर्षीची गोष्ट. राखेचा बुधवार होता, आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. चर्चमधून सगळे घरी आले, काकाही आले. वाडीला गिऱ्हाईक आलं होतं आणि काकांना विकायची घाई होती. कपाळावरची राख पुसली नव्हती, तशातच ते बाबांना म्हणाले, "किती राबशील? घाम गाळून भाकर खाणं हा आदामाला दिलेला शाप आहे. देवानं सुटायची वाट दाखवलीय तर सुट की." बाबा काही बोलले नाहीत. विळा घेतला आणि वाळलेली पानं कापायला वाडीत गेले. मी दारात उभी होते. उत्तर माझ्याकडे होतं, पण मोठ्यांच्या बोलण्यात मुलीनं पडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

ते उत्तर आज देते. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या दुसऱ्या अध्यायातलं पंधरावं वचन वाचा. देव पहिल्या माणसाला, आदामाला, एदेनात ठेवतो ते मशागत आणि राखण करायला. मना केलेलं फळ खायला भुलवणारा सर्प तिसऱ्या अध्यायात येतो. म्हणजे काम आधी, पाप नंतर. शाप बसला तो जमिनीला; ती काटे-कुसळे देऊ लागली आणि कष्टाला घाम जोडला गेला. मशागत हा शाप कधीच नव्हता. मूळ हिब्रूत तिथं 'अबद' आणि 'शमर' असे दोन शब्द आहेत, मशागत आणि राखण. बायबलच्याच गणना या पुस्तकात लेवी लोकांना (देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशाला) निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, सेवा सोपवताना हीच जोडी येते. बागेत कुदळ मारणं आणि देवाची सेवा करणं यांना एकच शब्द आहे. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावरच्या परिपत्रकात याच वचनावर बोट ठेवलं, तेव्हा बाबा नव्हते.

माझ्या मते एदेनचं खरं प्रतीक फळ नाही, राखण आहे. (फळाचं तर नावही बायबलमध्ये नाही. सफरचंद युरोपातल्या चित्रांनी आपल्या डोक्यात बसवलं.) माणूस राखण सोडतो आणि जे सोपवलं होतं त्याचा मालक व्हायला बघतो. मग तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी राखण त्याच्याकडून काढून करूबांकडे, म्हणजे देवदूतांकडे, दिली जाते, जीवनाच्या झाडाची वाट ते राखतात. लगेच चौथ्या अध्यायात आदामाचा मुलगा काईन, भावाला मारून, देवाला विचारतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? तिन्ही ठिकाणी मूळ शब्द तोच, शमर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून वाडीत जाऊन बसले.

तेव्हा वाडी अर्धीच उरली होती. बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या हातांत जपमाळ गुंडाळताना नखांच्या कडेचा चिकाचा काळा डाग मला दिसला. आईनं तो घासायला घेतला, मी तिला थांबवलं. पुढं वर्षभरात बावखल मातीच्या गाड्यांनी भरलं. आता आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं.

तुमचा प्रश्न खरी जागा की प्रतीक असा होता. कॅथॉलिक चर्चचा 1992 चा धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो की आदामाच्या पतनाची कथा प्रतीकांच्या भाषेत आहे, पण मानवी इतिहासाच्या आरंभी खरंच काही घडलं, हेही ती सांगते. एदेनच्या वर्णनातल्या तिग्रीस आणि फरात या नद्या नकाशात सापडतात म्हणून बाग शोधत बसण्यात मला रस नाही. प्रोटेस्टंट मंडळींपैकी काही जण प्रत्येक शब्द जसाच्या तसा घेतात, त्यांचं उत्तर वेगळं येईल. आणि हो, जमीन विकणारा प्रत्येक जण काईन नसतो. दवाखान्याची बिलं भरायला वाड्या विकलेली माणसं आमच्याच गावात आहेत, त्यांच्याकडे मी बोट दाखवणार नाही.

पण तुम्ही दुसरा, तिसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत वाचा, आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावाही. पुनरुत्थानाच्या सकाळी, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला तेव्हा, त्याची शिष्या मग्दालीया मरिया बागेत त्याला बघते आणि तिला तो माळी वाटतो. बाबांना हे वचन फार आवडायचं.

काका, तुम्ही हे वाचत असाल तर बाबांचं बायबल माझ्याकडे आहे. त्या पंधराव्या वचनाच्या पानावर त्यांच्या अंगठ्याचा डाग आहे, येऊन बघा.