वाचकांचे प्रश्न : सरकारची हद्द कोठवर?

मर्यादित शासन आणि व्यक्तिस्वातंत्र्य या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे लांब होती. आशय तोच ठेवून ती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत नोकरी करतो आणि स्वतःला ‘लिबर्टेरियन’ म्हणवतो. सरकारने कर कमीत कमी घ्यावा, शाळाही चालवू नयेत, असे तो सांगतो. ही सरळ अराजकता नव्हे काय? आणि आपल्याकडचे जुने उदारमतवादी म्हणजे हेच का? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : लिबर्टेरियन म्हणजे मराठीत स्वातंत्र्यवादी. आपला भाचा अराजकवादी असेलच असे नाही. राज्यसंस्थाच नको म्हणणारा एक छोटा गट या मंडळींत आहे खरा, पण बहुतेकांना पोलीस, न्यायालये आणि सैन्य हवेच असते. रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1974 मध्ये ज्या राज्याचे समर्थन केले ते रात्रीच्या रखवालदाराइतकेच काम करणारे होते : चोरी, मारहाण व फसवणूक थांबवायची, करार पाळले जातील हे पाहायचे आणि त्यापुढे लोकांच्या व्यवहारात पडायचे नाही. याच परंपरेतले अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेक यांची भूमिका याहून मवाळ होती आणि निराधारांसाठी किमान उत्पन्नाची सोय शासनाने करावी, हे त्यांना मान्य होते. म्हणजे घरातल्या घरातही मतभेद आहेत. एका गोष्टीवर मात्र या सर्वांचे एकमत दिसते : एखादी गोष्ट करण्याची मोकळीक मला का असावी, हे मी सिद्ध करायचे नसून ती का नसावी, हे शासनाने सिद्ध करायचे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. न्यायमूर्ती रानड्यांना आपण उदारमतवादी म्हणतो, पण व्यापारउदिमात सरकारने ढवळाढवळ करू नये हे इंग्रजी अर्थशास्त्राचे सूत्र हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाही, असे त्यांनी 1892 मध्ये पुण्यातल्या व्याख्यानात बजावले होते. उद्योग उभे करण्यासाठी त्यांना सरकारचा हात हवा होता. भाच्याच्या जवळ जाणारा माणूस शोधायचाच असेल तर तो आगरकरांमध्ये थोडाफार सापडेल. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत त्यांनी मनापासून वाचले होते, आणि कोणी काय ल्यावे, काय खावे, कोणाशी लग्न करावे यात समाजाची दांडगाई त्यांना सहन होत नसे. अर्थात त्यांचा रोख सरकारपेक्षा शास्त्री-पंडितांवर होता. हा मुद्दा पुढे चौथ्या पत्रात पुन्हा येणार आहे.

प्रश्न : माझी तीन एकर कांद्याची शेती आहे. भाव चढला की निर्यातबंदी येते. भाव कोसळला की कोणी फिरकत नाही. आपण म्हणता ते स्वातंत्र्यवादी हमीभावालाही विरोध करतात, असे ऐकले. मग त्यांच्या विचारात आम्हा शेतकऱ्यांसाठी आहे तरी काय? (एक शेतकरी, निफाड)

उत्तर : आपल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण हा विचार महाराष्ट्रात रुजला तो कांद्याच्या आणि उसाच्या शेतातच. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून शरद जोशी परतले, चाकणजवळच्या आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली आणि खर्च व उत्पन्न वहीत मांडून पाहिले. शेतकरी आळशी किंवा अडाणी आहे म्हणून गरीब नाही. त्याच्या मालाचा भाव सरकार धोरणाने खाली ठेवते म्हणून तो गरीब आहे, हा त्यांचा निष्कर्ष. 1978 मध्ये चाकणला कांद्याचे आंदोलन झाले आणि 1980 मध्ये उसाला टनामागे 300 रुपये व कांद्याला रास्त भाव मागत नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे अडल्या. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या वेळची. या घोषणेत सवलत मागितलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. सरकारचा आमच्या खिशातला हात काढा, एवढेच त्यात म्हटले आहे.

हा हात कसा चालतो ते गेल्या काही वर्षांत आपण अंगावर घेतले आहे. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क आले, डिसेंबरमध्ये निर्यात पूर्ण बंद झाली, मे 2024 मध्ये ती उघडली तीही 40 टक्के शुल्क आणि टनामागे 550 डॉलरचा किमान दर लावून. शुल्क पुरते उठायला 1 एप्रिल 2025 उजाडला. कांदाचाळीत उन्हाळ कांदा भरून ठेवणाऱ्याने पावसाचा, सडीचा आणि वजनघटीचा हिशेब घातलेला असतो. दिल्लीच्या अधिसूचनेचा हिशेब त्याने कसा घालावा? आणि त्याच 2023 च्या फेब्रुवारीत, यातले काहीही लागू नसताना, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला, तेव्हा गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, 2 रुपये 49 पैसे उरले आणि त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला, तोही पुढच्या तारखेचा. तेजी सरकारने कापायची आणि मंदी शेतकऱ्याने एकट्याने सोसायची, असा हा व्यवहार आहे. याच्या मुळाशी 1955 चा आवश्यक वस्तू कायदा आणि परराष्ट्र व्यापारावरचा केंद्राचा अधिकार आहे.

कापसाचे उदाहरण तर याहून बोलके. 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. आपल्या शेतातला कापूस शेजारच्या राज्यात चांगल्या भावाने विकायला नेणे हा गुन्हा ठरत असे, आणि सीमेवरच्या नाक्यांवर गाड्या अडवल्या जात. विदर्भातल्या जुन्या शेतकऱ्यांना तो काळ विचारावा. माल स्वतःचा, बैलगाडी स्वतःची, तरी नाव ‘तस्करी’. ‘मालमत्तेचा हक्क’ हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे बंगलेवाले आणि कारखानदार येतात. सीमेवर अडवलेली ती कापसाची गाडी कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

आता हमीभाव. येथे मात्र आपल्याला न आवडणारे उत्तर द्यावे लागते. कांद्याला हमीभाव नाहीच. शासन राखीव साठ्यासाठी थोडी खरेदी करते आणि शहरात भाव चढला की तोच साठा बाहेर काढते. पण समजा तो मिळाला. जे शासन भाव बांधून देते त्याला कधीतरी तो खालीही बांधावासा वाटतो, आणि ग्राहकांची मते शेतकऱ्यांपेक्षा कमी नाहीत. म्हणून खरा स्वातंत्र्यवादी सांगेल की भाव मागू नका, बाजार मागा. शहरातल्या गरिबाला मदत करायची असेल तर ती तिजोरीतून रोख करा, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापून नको. खुली निर्यात आणि कायद्याने हमी या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात लिहिणाऱ्या संघटनांनी यातली कोणती खरी, हे एकदा ठरवायला हवे.

माझे या मंडळींशी जेथे पटत नाही ते असे. नियम उठवला की न्याय्य व्यवहार आपोआप उगवतो, अशी त्यांची समजूत दिसते. वऱ्हाडात 1897 मध्ये कापूस आणि धान्याच्या बाजाराचा कायदा झाला, आणि पुढे बाजार समित्या आल्या, त्या मापातली लबाडी आणि दलालांची मनमानी होती म्हणून. पुढे समित्याच कोणाच्या तरी जहागिरी झाल्या हे खरे. परंतु 2016 मध्ये राज्याने फळे-भाजीपाला समितीच्या बंधनातून मोकळा केल्यावरही आपण ट्रॉली लिलावालाच नेता ना? दहा व्यापारी एका ट्रॉलीभोवती उभे राहतात, कांदा हातात घेऊन दाबतात, आणि बोली चार लोकांदेखत होते. शेताच्या बांधावर एकच व्यापारी येतो. तेव्हा समितीबाहेर विकण्याची मुभा हवीच, पण समिती मोडण्याची घाई नको.

प्रश्न : हेल्मेटची सक्ती आणि दारूचा परवाना यांबद्दल या विचाराचे लोक काय म्हणतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हेल्मेटबद्दल त्यांचे म्हणणे आपल्या शहराला आवडेल असे आहे, म्हणून ते थोडक्यात सांगतो : डोके ज्याचे, निर्णय त्याचा, मात्र दुसऱ्याला धडक दिली तर भरपाई पूर्ण द्यावी लागेल. जखमीचा खर्च सार्वजनिक रुग्णालय सोसते तोवर हा युक्तिवाद लंगडा आहे, असे मला वाटते.

दारूचे प्रकरण अधिक मजेदार. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून, नाव बदलून, लागू आहे. कायद्याच्या दृष्टीने येथे बंदीच आहे आणि परवाना हा अपवाद आहे. परदेशी मद्याचा परवाना दिला जातो तो नियमांच्या भाषेत प्रकृती राखण्यासाठी. तालुक्याच्या गावीही जी ‘परमिट रूम’ची पाटी लुकलुकत असते, तिचा उगम हाच. आत बसलेल्या शंभरांतल्या किती जणांच्या खिशात तो कागद असतो, हे पाटी लावणारा, पिणारा आणि तपासणारा असे तिघेही जाणतात. स्वातंत्र्यवाद्यांचा आक्षेप नेमका येथे आहे. कोणी पाळत नाही असा कायदा निरुपद्रवी नसतो. तो ज्याच्यावर हवा त्याच्यावर, हवा तेव्हा लावता येतो. र. धों. कर्वे यांना हा अनुभव आला होता. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या या माणसावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. आंबेडकर.

प्रश्न : सरकार मागे सरले तर उरतो तो समाज, आणि आमच्या वाट्याला आलेला समाज कसा होता ते सांगायला नको. राज्याच्या बळाशिवाय आमच्या पिढ्या पाणवठ्याजवळही गेल्या नसत्या. व्यक्तिस्वातंत्र्याची ही भाषा आधीच वर बसलेल्यांची नाही काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आलेल्या पत्रांतले हे सर्वांत कठीण पत्र, आणि माझ्या मते या विचाराची खरी परीक्षा येथेच आहे. महाडच्या चवदार तळ्याचीच हकिकत घ्यावी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सदस्य सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये संमत केला, महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुले केले, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तेथे जावे लागले. पाणी प्यायलेल्यांना मार खावा लागला. कागदावर अडवणूक सरकारची नव्हती, गावाची होती. तळ्यावरून झालेला खटला पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1937 पर्यंत चालला.

स्वातंत्र्यवादी याला उत्तर देतात ते असे की तळे सार्वजनिक होते, मारहाण हा गुन्हा होता आणि रखवालदार राज्याने आपले काम केले असते तर प्रश्न मिटला असता. हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. तळे सार्वजनिक होते, पण भाड्याचे घर खाजगी असते. आडनाव विचारून ‘आत्ताच दिली हो खोली’ म्हणणारा मालक कोणाला हात लावत नाही, फसवतही नाही. नोझिक यांच्या राज्यात त्याला विचारणारे कोणी नाही. आपल्या घटनेच्या 15 व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव यांच्यापुरता हा प्रश्न सोडवला आणि 17 व्या कलमाने अस्पृश्यता पाळणे हाच गुन्हा ठरवला, तो नागरिकांनी नागरिकांविरुद्ध केला तरीही. 1947 मध्ये घटना समितीपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हाच प्रश्न आर्थिक अंगाने मांडला होता : राज्याने अंग काढून घेतले तर ते स्वातंत्र्य कोणाला मिळते? खंड वाढवणाऱ्या जमीनदाराला आणि कामाचे तास वाढवणाऱ्या मालकाला.

तरीही आपल्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. ज्याच्या हाती सत्ता नाही त्यालाच सत्तेला घातलेल्या लगामाची गरज जास्त असते. विनाचौकशी उचलून नेणारा पोलीस, झोपडी पाडणारे पथक आणि फेरीवाल्याकडून रोजचा हप्ता घेणारा कर्मचारी हेही राज्यच आहे, आणि ते बंगलेवाल्यांच्या दारी सहसा जात नाही. बाबासाहेबांनी मूलभूत हक्क न्यायालयात मागता येतील असे केले आणि दाद मागण्याच्या 32 व्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले, ते याच राज्याविरुद्ध.

प्रश्न : या विचाराचा एखादा पक्ष आपल्याकडे का टिकला नाही? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : टिकला नाही, पण झाला होता. राजाजी, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांनी 1959 मध्ये स्वतंत्र पक्ष काढला. 1967 च्या निवडणुकीत लोकसभेत त्याचे 44 खासदार होते. संस्थानिकांचा आणि गिरणीमालकांचा पक्ष हा शिक्का त्याला पुसता आला नाही, 1971 मध्ये तो आपटला आणि 1974 मध्ये चरणसिंगांच्या पक्षात विलीन झाला. शरद जोशींनी 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, पण आंदोलनाला लाखोंनी आलेला शेतकरी मतदानाला आपल्या जुन्या पक्षाकडे आणि जातीकडे परतला.

एक कायदेशीर अडचणही आहे, जी फारशी कोणाला ठाऊक नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 29 अ या कलमानुसार नव्या पक्षाला नोंदणीच्या वेळी समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचे पक्षाच्या घटनेत लिहून द्यावे लागते. ही अट काढावी म्हणून जोशींनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणले होते. ते संमत झाले नाही. आज आपण आणि आपल्या मैत्रिणींनी असा पक्ष काढायचे ठरवले, तर निवडणूक आयोगाकडे जाणाऱ्या अर्जासोबत ते वाक्य जोडावे लागेल.